सायकलचं हँडल आणि स्टेम जुळत नाही? जोडण्याआधी हे आकडे तपासा

जुनी सायकल नव्याने बांधायला घेतली की एक प्रसंग हमखास येतो. फ्रेम एका मित्राची, चाकं दुसऱ्या सायकलची, हँडल ऑनलाइन सेकंड हँड घेतलेलं. सगळं जमिनीवर मांडून बघितलं की सायकल जवळजवळ तयार वाटते. मग हँडल स्टेममध्ये ठेवायला जावं, तर एक तर ते आत खुळखुळतं, नाहीतर आत जातच नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना माझं असंच झालं. हँडल बारीक, स्टेमचं भोक मोठं. एका दुकानात कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून, त्याचे चार-पाच वेढे हँडलभोवती गुंडाळून बोल्ट घट्ट केले. हलवून बघितलं, हललं नाही. आठ दिवस सायकल मस्त चालली. नवव्या दिवशी पाषाण रस्त्यावर पुढे रिक्षा थांबली, मी जोरात ब्रेक दाबले आणि हँडल हातातच खाली फिरलं. वजन पुढे गेलं आणि मी सायकलच्या वरून रस्त्यावर. कोपर सोललं, हेल्मेटला चीर गेली. मागून बस येत नव्हती, म्हणून हा लेख लिहायला मी आहे.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर कोड कंपाइल झाला होता, फक्त लोड आल्यावर कोसळला. हँडल आणि स्टेमच्या बाबतीत हे कोसळणं रस्त्यावरच होतं. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणचे पार्ट एकत्र करण्याआधी कोणते आकडे जुळले पाहिजेत, कुठे जुगाड चालतो आणि कुठे अजिबात चालत नाही, ते नीट बघूया.

आधी नावं समजून घेऊ

आपण ज्याला धरतो ते हँडल, म्हणजे हँडलबार. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा, म्हणजे फोर्क. फोर्कची एक नळी फ्रेमच्या पुढच्या भागातून वर येते, तिला स्टिअरर म्हणतात. हँडल आणि स्टिअरर यांना जोडणारा जो छोटा तुकडा असतो तो स्टेम. स्टेमच्या पुढच्या बाजूला बोल्ट लावलेली जी झाकणी असते तिला फेसप्लेट म्हणतात.

म्हणजे स्टेमला दोन टोकं आहेत आणि दोन्हीकडे माप जुळावं लागतं. एका टोकाला हँडल, दुसऱ्या टोकाला स्टिअरर. बहुतेक गोंधळ या दोन मापांची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

आपल्याकडच्या काळ्या उभ्या सायकलला हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे हँडल आणि स्टेम बहुतेक वेळा एकच जोडलेला तुकडा असतो. गिअरवाली, एमटीबी, हायब्रिड किंवा रोड बाईक असेल तर मात्र पुढचं सगळं लागू आहे.

पहिलं टोक: हँडलची जाडी

हँडलची जाडी सगळीकडे सारखी नसते. स्टेममध्ये पकडला जाणारा मधला भाग जाड असतो आणि आपण धरतो तो भाग बारीक. आपल्याला मधल्या भागाचं माप हवं. बाजारात नेहमी दिसणारी मापं अशी:

- २२.२ मिमी: बीएमएक्स आणि काही साध्या सायकली.
- २५.४ मिमी: जुन्या एमटीबी, हायब्रिड, साध्या गिअरच्या सायकली.
- २६.० मिमी: जुन्या रोड बाईकची वाकडी, म्हणजे ड्रॉप हँडलं.
- ३१.८ मिमी: आजच्या बहुतांश एमटीबी, हायब्रिड आणि रोड बाईक.
- ३५ मिमी: अलीकडच्या काही एमटीबी.

यातली सगळ्यात फसवी जोडी म्हणजे २५.४ आणि २६.०. फरक फक्त ०.६ मिमी. डोळ्याला दिसत नाही, हातालाही कळत नाही. बोल्ट आवळले की दोन्ही बसल्यासारखे वाटतात. पण हे माप 'जवळपास' जुळून चालत नाही, ते तेच असावं लागतं.

०.६ मिमीने असं काय बिघडतं?

स्टेम हँडलला धरून ठेवतो तो घर्षणाच्या जोरावर. भोकाची गोलाई आणि हँडलची गोलाई एकच असेल तर दाब सगळीकडे सारखा पसरतो. माप चुकलं की दोनपैकी एक गोष्ट होते.

*हँडल बारीक, भोक मोठं:* फेसप्लेट हँडलला पूर्ण गोलाईत टेकत नाही, एखाद-दोन रेषांवरच टेकते. आवळत गेलात की फेसप्लेटच्या कडा स्टेमच्या मुख्य भागाला जाऊन भिडतात. आता पुढचा सगळा जोर धातूवर धातू दाबण्यात जातो, हँडलपर्यंत पोहोचतच नाही. गंमत म्हणजे टॉर्क रेंच वापरला तर तो बरोबर आकड्यावर 'टक्' आवाज करतो. टेस्ट पास होते, पण टेस्ट भलतीच गोष्ट तपासत असते.

*हँडल जाड, भोक लहान:* जबरदस्तीने बसवलं की स्टेमच्या कडा हँडलमध्ये रुततात आणि तिथे बारीक खाच पडते. अॅल्युमिनियमची अडचण अशी की तेवढ्या खाचेतून चीर सुरू होऊ शकते, प्रत्येक खड्ड्याला ती थोडी वाढते आणि एक दिवस हँडल मोडतं. स्टील बऱ्याचदा आधी वाकून इशारा देतं. अॅल्युमिनियम अनेकदा तेवढीही सवड देत नाही.

पहिल्या प्रकारात हँडल फिरतं, दुसऱ्यात तुटतं. दोन्ही वेळेस तुमच्या हातात स्टिअरिंग आणि पुढचा ब्रेक राहत नाही.

माप कसं घ्यायचं?

आधी छापलेला आकडा शोधा. हँडलच्या मध्यभागी आणि स्टेमच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला तो बऱ्याचदा लिहिलेला असतो. जुन्या पार्टवर पुसट झाला असेल तर मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका पाडून फोटो काढा आणि झूम करा, कोरलेली अक्षरं दिसतात.

आकडा नसेल तर व्हर्नियर कॅलिपर वापरा. साधा डिजिटल व्हर्नियर काही शे रुपयांत मिळतो. कॉलेजात असाल तर वर्कशॉपमध्ये असतोच. दोन-तीन ठिकाणी, फिरवून माप घ्या. रंगाच्या थरामुळे ०.१ मिमीचा फरक येऊ शकतो.

व्हर्नियरही नाही? मग कागदाची बारीक पट्टी घ्या. हँडलच्या मधल्या भागाभोवती घट्ट गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे खूण करा, पट्टी सरळ करून स्केलने मोजा. हा झाला परीघ. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. भागाकार नको असेल तर थेट हे बघा:

- पट्टी साधारण ७० मिमी: व्यास २२.२
- पट्टी साधारण ८० मिमी: व्यास २५.४
- पट्टी साधारण ८२ मिमी: व्यास २६.०
- पट्टी साधारण १०० मिमी: व्यास ३१.८
- पट्टी साधारण ११० मिमी: व्यास ३५

८० आणि ८२ मधला फरक स्केलवर कळतो, पण पट्टी सैल राहिली तर फसाल. त्यामुळे शंका आली तर व्हर्नियरशिवाय पुढे जाऊ नका. फोनच्या कॅमेऱ्याने लांबी मोजणारी अॅप्स सोफ्याचं माप घ्यायला ठीक आहेत. इथे आपल्याला अर्ध्या मिलिमीटरचा फरक पकडायचा आहे, ते काम त्यांचं नाही.

दुसरं टोक: स्टिअरर

इथे दोन पूर्ण वेगळ्या पद्धती आहेत.

*आट्यांची जुनी पद्धत:* स्टिअररच्या वरच्या भागाला बाहेरून आटे असतात आणि स्टेमचा दांडा नळीच्या आत जातो. याला क्विल स्टेम म्हणतात. वरचा लांब बोल्ट आवळला की खालची पाचर सरकून आतून घट्ट बसते. एक इंची स्टिअररसाठी दांडा २२.२ मिमी असतो. १-१/८ इंची आट्यांच्या स्टिअररला २५.४ मिमी. काही बीएमएक्स आणि जुन्या सायकलींना २१.१ मिमीही आढळतो. म्हणून '२२.२ जात नाही, थोडा घासून घालू' असं करू नका, तुमची नळी वेगळ्या मापाची असू शकते.

*बिनआट्यांची नवी पद्धत:* स्टिअरर गुळगुळीत असतो आणि स्टेम त्याला बाहेरून धरतो. आज सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे १-१/८ इंच, म्हणजे २८.६ मिमी. जुन्या काही सायकलींना १ इंच, म्हणजे २५.४ मिमी. टेपर्ड फोर्क खाली जाड असला तरी वर, जिथे स्टेम बसतो तिथे, बहुतेक वेळा २८.६ असतो. काही मॉडेलना मात्र वर १-१/४ इंच, म्हणजे ३१.८ मिमी असतो.

आता गोंधळ कुठून येतो बघा. २५.४ हा आकडा हँडलचा असू शकतो, क्विलचा असू शकतो आणि स्टिअररचाही. ३१.८ चंही तसंच. त्यामुळे जाहिरातीत नुसतं '३१.८ स्टेम' लिहिलं असेल तर विचारा: हँडलकडून की स्टिअररकडून?

आणखी एक पक्का नियम: बिनआट्यांचा स्टेम आटे असलेल्या स्टिअररवर कधीही आवळू नका. आट्यांमुळे तिथली नळी आधीच कमकुवत असते आणि पकडही नीट मिळत नाही.

कोणता जुगाड चालतो?

मापं वेगळी असली म्हणजे सगळं संपलं असं नाही. योग्य पार्ट मिळतात.

*१. लहान हँडल, मोठा स्टेम: शिम.* शिम म्हणजे नेमक्या मापाची अॅल्युमिनियमची बांगडी, एका बाजूने चिरलेली किंवा दोन अर्ध्या भागांची. २५.४ चं हँडल ३१.८ च्या स्टेममध्ये बसवायला ३.२ मिमी जाडीची शिम लागते. २६.० ते ३१.८ आणि ३१.८ ते ३५ अशाही तयार शिम मिळतात. शिमची रुंदी स्टेमच्या पकडीइतकी असू द्या. तिची चीर फेसप्लेटच्या फटीसमोर ठेवा, म्हणजे बोल्ट आवळताना शिमही सारखी आवळली जाते. एकावर एक दोन शिम घालू नका. ग्रीस लावू नका.

*२. बिनआट्यांचा १ इंची स्टिअरर, २८.६ चा स्टेम:* यासाठीही तयार शिम मिळते.

*३. जुनी आट्यांची फ्रेम, नवा स्टेम:* क्विल अडॅप्टर घ्या. त्याचा खालचा भाग २२.२ चा आणि वरचा २८.६ चा असतो. जुन्या स्टीलच्या फ्रेमवर आजचा स्टेम आणि आजचं हँडल बसवण्याचा हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

कोणता जुगाड अजिबात नाही?

- कॅनचा पत्रा, ट्यूबचा रबर, सँडपेपर, चिकटपट्टी. यांची जाडी सारखी नसते, ते दबतात आणि सरकतात. माझ्या कोपराला विचारा.
- जाड हँडल बारीक स्टेममध्ये बसावं म्हणून हँडल घासणं किंवा स्टेमचं भोक मोठं करणं. ज्या जागी सगळ्यात जास्त ताण येतो तिथलाच धातू तुम्ही काढून टाकता.
- २५.४ च्या स्टेममध्ये २६.० चं हँडल 'जोर लावून' बसवणं.
- मूळ बोल्ट हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट. लांबी, आटे आणि स्टीलची प्रत तिन्ही जुळायला हवं.
- कार्बनच्या हँडलवर किंवा स्टिअररवर उत्पादकाने परवानगी दिली नसताना शिम.

थोडक्यात सूत्र असं: लहानाला मोठं करता येतं, मोठ्याला लहान करता येत नाही. हँडल मोठं आणि स्टेम लहान असेल तर स्टेमच बदला. तो हँडलइतका महागडा असेलच असं नाही, आणि दवाखान्यापेक्षा तर नक्कीच स्वस्त.

बसवण्याची पद्धत

मापं जुळली, आता जोडणी. सुरुवात करण्याआधी जुन्या जोडणीचे फोटो काढा. कोणता स्पेसर कुठे होता, केबल कुठून गेली होती, हे नंतर आठवत नाही.

१. सगळे भाग कोरड्या फडक्याने पुसा. हँडल आणि स्टेम जिथे एकमेकांना टेकतात तिथे तेल-ग्रीस नको. बोल्टच्या आट्यांना मात्र थोडं ग्रीस लावा. क्विल स्टेमच्या दांड्यालाही लावा, नाहीतर पावसाळ्यानंतर तो आतच गंजून अडकतो. कार्बन असेल तर ग्रीसऐवजी कार्बनची खास पेस्ट.

२. क्विल स्टेमवर किंवा अडॅप्टरवर 'किमान आत' ही खूण कोरलेली असते. ती नळीच्या आत गेलीच पाहिजे. हँडल अजून वर हवं असेल तर उंच स्टेम घ्या, खूण बाहेर काढू नका.

३. बिनआट्यांच्या स्टेममध्ये स्टिअररचं टोक स्टेमच्या (किंवा वरच्या स्पेसरच्या) वरच्या कडेपेक्षा साधारण ३ ते ५ मिमी खाली असावं. खूपच खाली असेल तर स्टेमचा वरचा बोल्ट नळीऐवजी हवा आवळतोय. वेगवेगळे पार्ट जमवताना ही चूक फार होते, कारण प्रत्येक स्टेमची उंची वेगळी असते.

४. आधी वरच्या टोपीचा बोल्ट हलका आवळा, इतका की फोर्क मागे-पुढे खडखडू नये पण सहज वळावा. मग हँडल चाकाला काटकोनात आणून स्टेमचे बाजूचे बोल्ट आवळा. लक्षात घ्या, टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगची ढिलाई काढतो. स्टेमला धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट.

५. फेसप्लेटचे चार बोल्ट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. वरची आणि खालची फट सारखी ठेवा. काही स्टेममध्ये वरची फट पूर्ण बंद ठेवायची असते, तसं असेल तर स्टेमवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

६. किती घट्ट? स्टेमवर छापलेला आकडा हेच उत्तर. छोट्या बोल्टसाठी तो बऱ्याचदा ५ ते ६ न्यूटन मीटर असतो. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा: एलन कीच्या लांब दांड्याला बोल्टपासून १० सेंटीमीटरवर काटकोनात ५ किलोचा ओढा दिला की साधारण ५ न्यूटन मीटर होतात. सामान मोजायचा हुकवाला काटा त्या जागी अडकवून ओढून बघा, म्हणजे ५ किलो हाताला कसे लागतात ते समजेल. हा उपाय अॅल्युमिनियमपुरता. कार्बनला टॉर्क रेंचच हवा, तो नसेल तर चांगल्या दुकानात करून घ्या.

हँडलचा प्रकार बदलताय?

सरळ हँडल काढून ड्रॉप हँडल लावायचा मोह अनेकांना होतो. मधलं माप जुळलं तरी दोन अडचणी राहतात. सरळ हँडलची धरायची जागा २२.२ मिमी असते, ड्रॉप हँडलची २३.८ मिमी. त्यामुळे जुने ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर नव्यावर बसत नाहीत. दुसरं, व्ही-ब्रेकला लांब केबल ओढणारा लिव्हर लागतो आणि नेहमीचे रोड लिव्हर कमी केबल ओढतात. तसेच जोडले तर ब्रेक लागल्यासारखा वाटेल, पण सायकल वेळेवर थांबणार नाही.

रुंद किंवा उंच हँडल लावलं तर केबलची लांबीही बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. केबल ताणली जात असेल तर ती बदलावी लागेल. आणि मोबाईल होल्डर घेताना तो हँडलच्या कोणत्या जागी बसणार ते ठरवा, मधल्या जाड भागासाठीचा होल्डर बारीक भागावर फिरत राहतो. कार्बन हँडलवर उत्पादकाला विचारल्याशिवाय होल्डर आवळू नका.

रस्त्यावर जाण्याआधी ३० सेकंद

आयएसओ ४२१० या सायकल सुरक्षेच्या मानकात हँडल-स्टेमच्या चाचण्यांसाठी वेगळा भाग आहे. घरी तेवढी यंत्रं नसतात, पण एवढं करता येतं:

- पुढचं चाक दोन पायांत घट्ट धरा आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. स्टेम चाकापासून वेगळा फिरता कामा नये.
- हँडलच्या दोन्ही बाजूंवर शरीराचं वजन टाकून खाली दाबा. ते खाली फिरता कामा नये.
- पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. खडखड नको.
- मार्करने हँडल आणि स्टेमवर मिळून एक सलग रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली, तर हँडल सरकलंय.

पहिल्या चार-पाच किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. जोर लावल्यावर हँडलमधून करकर आवाज आला, चीर दिसली किंवा सायकल जोरात पडली असेल, तर हँडल काढून मधला भाग बघा. खोल खाच, चीर किंवा वाक दिसला तर ते हँडल दुसऱ्या कुणाला विकूही नका. जसं तुम्ही ऑनलाइन स्वस्तात घेतलंत, तसंच तेही कुणीतरी घेईल आणि त्याला माप कळेल, पण आतली चीर दिसणार नाही.